आपल्या फुंकीचा माउथपीस

क्लॅरोनेट घ्यायला गेलेला माणूस लाकूड निरखतो, चाव्या दाबून पाहतो, पॅडमधून हवा गळते का ते तपासतो, कंपनीचं नाव विचारतो. माउथपीस मात्र पेटीत जो आला असेल तोच घेऊन घरी जातो. पुढे वर्षानुवर्षं तोच तोंडात असतो. वरच्या सप्तकात सूर चढला की रीडला दोष, खालचे सूर पोकळ लागले की वाद्याला दोष, धाप लागली की वयाला दोष. जेमतेम नऊ सेंटिमीटर लांबीच्या त्या काळ्या तुकड्यावर कोणी संशय घेत नाही. हे पुस्तक त्या तुकड्याबद्दल आहे. लग्नाच्या बँडमध्ये, तमाशाच्या फडात, मैफलीत किंवा घरी स्वतःपुरतं वाजवणाऱ्या मराठी वादकाने तो कसा पारखावा आणि आपल्या वाजवण्याला जुळेल असा कसा निवडावा, एवढाच त्याचा विषय आहे.

माउथपीस उलटा करून उजेडात धरला की त्याची रचना समजते. मधे एक लांबट खिडकी, तिच्याखाली सपाट टेबल आणि दोन्ही बाजूंना टोकापर्यंत गेलेल्या बारीक कडा, म्हणजे रेल. रीड टेबलावर बसते, पण शेवटच्या दीड-दोन सेंटिमीटरांत रेल तिच्यापासून हळूहळू मागे वळत जातात. या वळणाची लांबी म्हणजे फेसिंग. अगदी टोकाशी रीड आणि माउथपीस यांच्यात जी फट उरते ती टिप ओपनिंग. फुंक आत गेली की रीड या वळणावर मिटते, उघडते, पुन्हा मिटते, सेकंदाला शेकडो वेळा. खिडकीच्या आत टोकामागचा जो उतार असतो तो बॅफल आणि त्याच्या खालची पोकळी म्हणजे चेंबर. बॅफल उंच असेल तर आवाज धारदार निघतो, खोलगट असेल तर गडद. चेंबर मोठं असेल तर सूर थोडा उतरतो. ज्या सुरांना नळी आखूड वापरली जाते, म्हणजे पहिल्या बोटांचे गळ्यातले सूर, त्यांच्यावर हा परिणाम जास्त होतो.

आकडे पाहिले की हा सगळा खेळ किती बारीक आहे ते ध्यानात येतं. शिकाऊ वाद्याबरोबर नेहमी मिळणाऱ्या यामाहाच्या ४सी माउथपीसची फट १.०५ मिलिमीटर आहे. पॅरिसच्या वान्डोरेन कंपनीच्या ५आरव्हीची १.०६५ आणि त्याच कंपनीच्या बी४५ची १.१९५. या शेवटच्या दोघांतलं अंतर साध्या कागदाच्या एक-दीड पानाच्या जाडीइतकं आहे. तेवढ्यावरून एका वादकाला घसा मोकळा झाल्यासारखं वाटतं आणि दुसऱ्याचा ओठ अर्ध्या तासात थकतो. फट लहान असेल तर रीड जरा जाड लागते, मोठी असेल तर पातळ. फेसिंग लांब असेल तर ओठाने सूर वाकवायला जागा मिळते. आखूड असेल तर सूर जागच्या जागी घट्ट बसतो. माउथपीस आणि रीड यांचा विचार वेगवेगळा करता येत नाही, आणि बाजारात होणारी बहुतेक फसगत ती दोन वेगळी धरल्यामुळे होते.

हा तुकडा आजच्या रूपात यायला दीडशे वर्षं लागली. न्यूरेंबर्गच्या योहान क्रिस्टोफ डेनरने १७०० च्या सुमारास शालुमो या छोट्या वाद्यातून क्लॅरोनेट घडवलं. त्या काळी रीड वरच्या बाजूला असायची आणि वरच्या ओठाला लागायची. मोझार्टच्या काळातही अनेक वादक तसंच वाजवत, आणि नेपल्समध्ये तर ही पद्धत एकोणिसाव्या शतकात बराच काळ टिकली. रीड खालच्या ओठावर आली तशी जीभ मोकळी झाली आणि ओठाला सुरावर ताबा मिळाला. इवान म्युलरने १८१२ च्या सुमारास तेरा चाव्यांचं वाद्य पॅरिसमध्ये मांडलं आणि रीड दोऱ्याने बांधण्याऐवजी धातूच्या पट्ट्यात कसण्याची चाल रूढ केली. वादक क्लोझे आणि कारागीर बुफे यांनी बोएमच्या बासरीवरून घेतलेली चाव्यांची रचना १८३९ मध्ये लोकांपुढे ठेवली. तिकडे ब्रसेल्सच्या आल्बेरने जुनी साधी रचनाच सुधारत नेली. माउथपीस आधी लाकडाचे, हस्तिदंताचे असत. लाकूड फुंकीतल्या ओलीने वाकतं आणि फेसिंग बिघडतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर एबोनाइट, म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर आलं आणि तेच आजवर टिकलं. काचेचे माउथपीसही होतात. आवाज लख्ख, पण हातातून पडले की संपले.

युरोपात माउथपीसची घराणी पडली ती ऐकण्याच्या आवडीवरून. फ्रेंच वादकांना चपळ आणि उजळ आवाज हवा होता. त्यांच्या माउथपीसची फट मध्यम, वळण मध्यम. जर्मन वादक आजही पुष्कळदा रीड दोऱ्याने बांधतात. त्यांची फट लहान, वळण लांब, रीड अरुंद, आणि आवाज गोल, एकसंध. इंग्रजांनी रुंद नळीचं वाद्य पसंत केलं. बूझी अँड हॉक्सच्या १०१० या वाद्याची नळी सुमारे १५.२ मिलिमीटर आहे, तर फ्रेंच वाद्याची १४.६ च्या आसपास. इंग्रजी वाद्यावर फ्रेंच माउथपीस बसवला की तो मापात बसल्यासारखा वाटतो, पण सप्तकं एकमेकांशी जुळत नाहीत. जुनी इंग्रजी वाद्यं वापरणाऱ्यांनी हे पुस्तकातलं पहिलं काम म्हणून तपासावं. अमेरिकेत फ्रेंच पद्धत रुजली आणि शेडव्हिल, कॅस्पर अशा कारागिरांच्या माउथपीसच्या मागे वादक आयुष्यभर लागले. जाझवाल्यांना वाद्यवृंदाची शिस्त मानवली नाही. न्यू ऑर्लिन्सचे जॉनी डॉड्स, सिडनी बेशे साध्या रचनेच्या वाद्यावर मोठा, थरथरता आवाज काढत. तुर्कस्तान, ग्रीस, बल्गेरियातले लग्नाचे वादक आणि पूर्व युरोपातले ज्यू वादक मोठी फट आणि पातळ रीड घेऊन सूर रडवतात, हसवतात. १९२४ मध्ये गर्श्विनच्या ‘ऱ्हॅप्सडी इन ब्लू’च्या सुरुवातीला रॉस गॉर्मनने जो सूर घसरवत वर नेला, तो सगळ्या जगाने ऐकला. आपल्या कानाला तर ती मींडच.

मला या सगळ्या इतिहासात सर्वांत जवळचा वाटणारा भाग हा शेवटचा आहे. माउथपीसच्या जाहिराती, मापं आणि शिफारशी बहुतेक युरोपी वाद्यवृंदातल्या वादकासाठी लिहिलेल्या असतात. त्याला सूर हलायला नको असतो. शेजारच्या पंधरा वाद्यांत मिसळायचं असतं. आपल्याला सूर हलवायचा असतो. गंधार कोमलकडे झुकवायचा असतो, दोन सुरांमधून घसरत जायचं असतं, गमक घ्यायची असते, आणि तरीही षड्ज पेटीला किंवा तानपुऱ्याला चिकटून ठेवायचा असतो. बी फ्लॅट क्लॅरोनेटवर सा धरला की तो काळी पाचवर येतो. गायकाची पट्टी काळी एक असेल तर बोटं भलतीकडे जातात आणि जो सूर वाद्यात मुळात कच्चा असतो तोच नेमका आपला पंचम होऊन बसतो. अशा वेळी माउथपीसने किती साथ द्यायची हा प्रश्न पॅरिसच्या कारखान्यात कोणी विचारलेला नाही.

क्लॅरोनेट आपल्याकडे आलं इंग्रजी पलटणींच्या बँडमधून. संस्थानिकांनी बँड उभे केले, पलटणीतून बाहेर पडलेल्या वादकांनी शहरांत लग्नाचे बँड काढले, आणि वाद्यांची गरज देशातच भागू लागली. मीरतची नादिर अली अँड कंपनी १८८५ पासूनची. मीरतची जाली कोठी आजही बँडच्या वाद्यांचं मोठं केंद्र आहे. दक्षिणेत महादेव नट्टुवनार यांनी एकोणिसाव्या शतकात क्लॅरोनेट नृत्याच्या साथीला आणलं. तिथून ते कर्नाटक मैफलीपर्यंत गेलं आणि ए. के. सी. नटराजन यांनी त्याला स्वतंत्र वाद्याचा मान मिळवून दिला. २००८ मध्ये मद्रास म्युझिक अकादमीने त्यांना संगीत कलानिधी केलं, २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. मुंबईत मास्टर इब्राहिम यांनी क्लॅरोनेटवर वाजवलेल्या सिनेगीतांच्या तबकड्या घराघरांत वाजल्या. पुण्याचा प्रभात बँड १९३८ चा, आणि तो चालवणारं घराणं सोलापूरकर. आणि सोलापूरहून कलबुर्गी, वाडीवरून जी गाडी रायचूरला जाते, त्या रायचूरचे पंडित नरसिंहलू वडवाटी यांनी हिंदुस्थानी ख्याल क्लॅरोनेटवर मांडला. ते गाणं शिकले होते सिद्धराम जंबलदिन्नी यांच्याकडे. त्यांचं वादन ऐकताना आधी गाणं येतं, मग वाद्य.

या सगळ्यांचे माउथपीस सारखे असणं शक्यच नव्हतं. पण आपल्याकडे त्याची नोंद राहिली नाही. शिष्याला राग मिळाला, बंदिश मिळाली, बोटं मिळाली. उस्तादांच्या माउथपीसची फट किती होती, रीड कितव्या नंबरची होती, ती ते घासून पातळ करत की दुकानातून आणून तशीच लावत, हे कोणी लिहून ठेवलं नाही.

सोलापुरात बसून हे पुस्तक लिहिण्याचं कारण इथेच आहे. या जिल्ह्याला रीडची समज जुनी आहे. सुंदरी हे सनईहून आखूड, टिपेचं वाद्य इथलं. त्याचं नाव अक्कलकोटच्या दरबारात पडलं असं सांगतात, आणि सिद्राम जाधव यांच्या घराण्याने ते मैफलीत आणि आकाशवाणीवर नेलं. सनई-सुंदरी वाजवणारा माणूस तयार पत्तीवर, म्हणजे रीडवर, समाधान मानत नाही. पत्ती तोंडात भिजवायची, सुरात येते का बघायची, कडेने किंचित कापायची, सुईने तोंड उघडायचं किंवा दाबून मिटवायचं. नाही जमली तर दुसरी. वाद्याला दोऱ्याने लटकलेला तो पत्त्यांचा झुपका ज्याने पाहिला आहे त्याला वेगळं सांगायला नको. वादक आपल्या श्वासाच्या मापाने पत्ती घडवतो. क्लॅरोनेटमध्ये हे काम दोन ठिकाणी वाटलं गेलं, माउथपीस आणि रीड, आणि माउथपीस कारखान्यातून घट्ट होऊन आला. म्हणून क्लॅरोनेटवाल्याने जुळवाजुळव करणंच सोडून दिलं. माझं म्हणणं एवढंच आहे, की सुंदरीवाल्याची ही पारख क्लॅरोनेटवाल्याने पुन्हा उचलावी.

त्यातली अडचणही समजून घेतली पाहिजे. सनईची नळी शंकूसारखी रुंदावत जाते. जोरात फुंकली की सूर एका सप्तकाने वर जातो. क्लॅरोनेटची नळी सरळ आणि वरून बंद. ती एका सप्तकाने चढत नाही, थेट बाराव्या शुद्ध सुरावर, म्हणजे सा धरला तर वरच्या सप्तकातल्या पंचमावर जाते. खालचा आणि वरचा भाग यांच्या मधे जो सांधा आहे, तिथे मींड तुटते. अनुभवी वादक बोटं अर्धवट उचलून, ओठ सैल सोडून तो सांधा झाकतो. लांब फेसिंग आणि जरा मऊ रीड असेल तर हे सोपं जातं. पण रीड फार मऊ घेतली की वरचे सूर उतरतात, फट फार मोठी घेतली की संथ आलापात श्वास पुरत नाही. ओठाने सूर खाली वाकवणं सोपं आहे, वर चढवणं अवघड. त्यामुळे मींडीचा वादक आपला मूळ सूर किंचित चढा ठेवून ओठाने तो खाली आणतो, आणि माउथपीसच्या चेंबरचा विचार त्या हिशोबाने करावा लागतो.

मिरवणुकीचं गणित निराळं. सिद्धेश्वर यात्रा असो, गणपती विसर्जन असो की भर उन्हाळ्यातली वरात, वादक चालत असतो, मान हलते, पाऊल खड्ड्यात जातं, पलीकडे ताशा आणि ट्रम्पेट. बहुतेकांची समजूत अशी की मोठा आवाज हवा म्हणजे मोठी फट हवी. मला हे साफ चूक वाटतं. तीन तास चालून वाजवायचं असेल तर १.०५ ते १.१० च्या दरम्यानची फट, उंच बॅफल आणि अडीच नंबरची रीड अधिक टिकाऊ. गर्दीतून वर येतो तो आवाजातला धारदारपणा, आणि तो बॅफलमधून मिळतो. फट वाढवून मिळते ती दमछाक. तमाशातल्या वादकाचं काम या दोन्हींच्या मधलं आहे, कारण त्याला ढोलकीच्या वर जायचं असतं आणि लावणीच्या ओळीत बाईच्या गळ्यामागे सावलीसारखं सरकायचंही असतं.

सोलापूरच्या हवेचाही वाटा आहे. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो. हवा तापली की वाद्याचा सूर चढतो. पेटी तेवढी चढत नाही. रीड पाच मिनिटांत कोरडी पडते, तिच्या टोकाला लाटा येतात आणि ती रेलवर नीट बसत नाही. एबोनाइट उन्हात ठेवलं की हिरवट पडतं, त्यातलं गंधक वर येऊन कडवट वास येतो. कढत पाण्याने धुतलं तर टेबल वाकतं आणि मग कोणतीच रीड त्यावर वाजत नाही. टेबल वाकलं की नाही हे बघायला एक सोपी परीक्षा आहे. माउथपीसवर ओली रीड कसून बसवायची, खालचं तोंड तळहाताने बंद करायचं आणि वरून हवा ओढायची. तोंडातून काढल्यावर रीड क्षणभर चिकटून राहिली आणि मग टप् आवाज करून सुटली, तर रीड आणि रेल नीट जुळले आहेत. लगेच सुटली तर कुठेतरी फट आहे. कधी कधी दोष रीडचा असतो. दोन-तीन रीड लावून बघावं, मगच माउथपीसला नाव ठेवावं.

आजच हे लिहिण्याची निकड आहे. बँडची कामं डीजेने कमी केली, जुने वादक घरी बसले, आणि नव्या पोराला शिकवायला मोहल्ल्यात कोणी उरला नाही. त्याच वेळी माल मात्र दारात येतो. मोबाइलवर बोट फिरवलं की फ्रान्सचा, जपानचा, चीनचा माउथपीस घरी पोहोचतो. त्यात निवड कशी करायची हे सांगणारा माणूस नाही; सगळे एकमेकांना विचारतात, अमुक कोण वापरतो. बी४५ चांगला, असं कोणी सांगितलं की सगळे तोच मागवतात. माउथपीस चष्म्याच्या नंबरासारखा आहे. दुसऱ्याचा लावून आपल्याला नीट दिसत नाही. जाझचा क्लॅरोनेटवादक बेनी गुडमन जगभर नावाजलेला असताना, १९४९ मध्ये, त्याने रेजिनाल्ड केल या दुसऱ्या क्लॅरोनेटवादकाकडे जाऊन ओठ ठेवण्याची पद्धतच बदलायला घेतली. वरचे दात माउथपीसवर टेकवायचे सोडून दोन्ही ओठ दातांवर दुमडून वाजवायला तो पुन्हा शिकला. ओठ बदलला की तोच माउथपीस वेगळं बोलतो. कोणता माउथपीस चांगला, या प्रश्नाला म्हणूनच ओठाशिवाय उत्तर नाही. कृत्रिम रीडनेही हिशोब बदलला आहे. नैसर्गिक रीड पुष्कळदा फ्रान्सच्या दक्षिणेकडच्या वार भागातल्या नळापासून होतात; हवामान बदललं की त्यांचा स्वभाव बदलतो. प्लास्टिकची रीड उन्हात कोरडी पडत नाही, त्यामुळे सोलापूरच्या वरातीत ती उपयोगी आहे. मैफलीत मात्र मला तिचा आवाज अजून पटलेला नाही.

या पुस्तकात दुकानांच्या किमतींची यादी नाही, आणि सर्वोत्तम माउथपीस कोणता याचं उत्तरही नाही. फट आणि फेसिंग घरच्या घरी मोजायचं कसं, काच आणि पातळ पत्र्याची गेज वापरून काय कळतं, कोणत्या मापाला कितव्या नंबरची रीड जुळते, साध्या रचनेच्या आणि बोएम रचनेच्या वाद्यांना काय वेगळं लागतं, हे त्यात सविस्तर आहे. मैफलीचा, वरातीचा आणि फडाचा वादक वेगवेगळे धरले आहेत, कारण त्यांची गरज वेगळी आहे. बिघडलेला माउथपीस घासून दुरुस्त करण्याबद्दल मी मुद्दाम थोडंच लिहिलं आहे. एका पॉलिश पेपरने मिनिटभरात चांगला माउथपीस कायमचा खराब होतो. ते काम हात बसलेल्या कारागिराकडेच द्यावं. इंग्रजी शब्द मात्र मी ठेवले आहेत. बँडवाले फेसिंग आणि रीडच म्हणतात, आणि त्यांना नवे शब्द देऊन माझ्या पुस्तकापासून लांब ढकलण्यात अर्थ नाही.

ज्येष्ठ वादकांना एक विनंती आहे. आपल्याकडचा माउथपीस कितीही जुना, चिरा गेलेला असो, त्याचं माप घेऊन वहीत लिहा. शेजारी वाद्य कोणतं, रीड कितव्या नंबरची आणि आपण काय वाजवत आलात तेही लिहा. ही वही पुढच्या पोराला द्या. आणि जो आत्ताच हातात क्लॅरोनेट घेतो आहे त्याने हे पुस्तक वाचून लगेच नवा माउथपीस मागवू नये. आहे त्याच माउथपीसवर अर्धा नंबर खालची आणि अर्धा नंबर वरची रीड महिनाभर वाजवावी, रोज एकच राग घ्यावा, आणि मगच पैसे खर्च करायचे की नाही ते ठरवावं.